परत पाठवलं म्हणजे हरलो नाय

"हॅलो? … हॅलो? … कोण, मावशी? … अगं जरा मोठ्यानं बोल, हितं शेजारीच एसटी उभी हाय, काय बी ऐकू येईना…"

हिरानं दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ती भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सुदर्शन वकिलांचं ऑफिस होतं. तिथून ती नुकतीच खाली उतरली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण भूकही लागली नव्हती. खाली येऊन आधी नवऱ्याला, दत्ताला, फोन करायचा असं तिनं जिन्यातच ठरवलं होतं. मेंढरं घेऊन तो चार दिवस झाले रानातच होता. तेवढ्यात घाटघरहून धोंडाबाईचाच फोन आला.

"हो, हो… तुलाच करणार व्हते गं. … निकाल? आत्ताच लागला. पंधरा मिनटं झाली न्हाईत. … पण तुला कसं कळलं? … कोण आलंय? … हौशीराम? आपला हौशीराम? हजेरीवाला?"

पिंपरी पेंढारच्या टोमॅटोच्या कारखान्यात हौशीरामनं चौदा वर्षं गेटच्या खिडकीत बसून बायकांची हजेरी मांडली होती. हिरा अकरा वर्षं बेल्टवर टोमॅटो निवडायची. धोंडाबाई तिच्याही आधीची, बेल्टच्या टोकाला उभी राहून निवडलेला माल तपासणारी. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कारखाना बंद पडला, कंपनी दिवाळखोरीत निघाली, बायका घरी बसल्या. धोंडाबाई लेकीकडं घाटघरला गेली. हौशीराम मात्र अलीकडं परत कारखान्याच्या मालकाकडं, शेठकडंच, कामाला लागला होता, त्याच्या नव्या गोडाऊनवर.

"मग काय म्हणतोय तो? … काय? … काय म्हणाला? … 'दिल्लीनं केस परत पाठवली, संपलं सगळं'? … नाय गं मावशी! … अगं ऐक ना. … आधी ऐक तर! … पेन खाली ठेव. … तुझ्या हातात पेन हाय का नाय? … मग ते खाली ठेव. … ठेवलंस? … कुठं? … सुपात? बरं, राहू दे तिथंच."

हिराचा आवाज चढला तशी दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. ती उठली, दोन पावलं गल्लीत गेली, मोटरसायकलच्या हॉर्ननं परत मागं आली आणि पुन्हा त्याच पायरीवर बसली.

"आता सांग, कसला कागद आणलाय? … आणि पैशे किती? … वीस हजार. … आज सही केली तर आजच, रोख. … आणि उद्या? … उद्या काय नाय. … असं म्हणतो व्हय?"

असले कागद चैत्रापासून फिरत होते. रक्कम घ्या, तक्रार मागं घ्या. कामगारांच्या यादीतल्या निम्म्याअधिक बायकांनी सह्या केल्या होत्या आणि हिरानं कुणाला नाव ठेवलं नव्हतं. ज्याचं त्याला ठाऊक. पण ही सही खोट्या बातमीवर होणार होती, ते तिला सोसेना.

"मावशी, मी सांगते काय झालं ते. नीट ऐक. … टीव्हीवाणी पडदा, त्यात दिल्लीचं वरचं कोर्ट. दोन न्यायाधीश. एक चष्मेवाले आणि एक बाई. … आपल्या बाजूनं दिल्लीच्याच वकीलबाई. … सगळं इंग्रजीत गं, सुदर्शन वकील माझ्यासाठी मराठी करत व्हते. … आणि आधी माझं नाव पुकारलं. 'हिराबाई दत्ता कोकरे आणि इतर.' … हसू नको! अंगावर काटा आला माझ्या. रेशनच्या दुकानातसुद्धा कोण एवढं पुरतं नाव घेत नाय."

दिल्लीच्या अपिलावर पहिलं नाव हिराचं होतं. त्या अपिलाची गोष्ट अशी. कंपनी बुडाली तेव्हा मुंबईच्या कोर्टानं एक साहेब नेमला. उरलंसुरलं विकून सगळ्यांची देणी भागवायची, हे त्याचं काम. कागद तपासताना त्याला दिसलं, की कंपनीच्या पैशातून दोन मोठी परदेशी मशीनं घेतलीत, पण मशीनं कुठंच नाहीत. शेठ म्हणाला, पुरवणाऱ्यानं फसवलं, मशीनं आलीच नाहीत. साहेबानं शेठवर अर्ज टाकला. वर्षभर तारखा पडल्या. मग दोघांची तडजोड झाली. शेठनं थोडी रक्कम भरायची आणि मशीनांचा विषय कायमचा मिटवायचा. कामगारांनी आक्षेप घेतला, अर्ज दिला. मुंबईनं तडजोड दोन ओळींत मंजूर केली आणि त्या दोन ओळींत कामगारांच्या अर्जाचं नावसुद्धा नव्हतं. म्हणून त्यांनी दिल्लीत अपील केलं.

"मग? मग ते चष्मेवाले बोलायला लागले आणि माझं काळीजच बसलं. … म्हणाले, तडजोड चांगली का वाईट, हे ठरवायचं काम आमचं न्हाई. दोघांनी राजीखुशीनं मिटवलं, खालच्या कोर्टानं मंजूर केलं, तर वरून आमी त्यात सहसा हात घालत न्हाई. … हो ना! मी म्हटलं, गेलं सगळं. उठायलाच लागले व्हते खुर्चीवरनं. तर सुदर्शन वकिलांनी बोट वर केलं, थांबा म्हणून. …

"मग त्या बाई बोलल्या. … हळू आवाज, एकदम साधा. म्हणाल्या, आमी हात घालत न्हाई हे खरं, पण खालच्यानं बघितलं तरी पायजे ना! मंजूर केलं, ते का केलं? कुठं लिहिलंय? ह्या बायकांचा अर्ज वाचला व्हता का? वाचला असंल तर एक शब्द दाखवा. … शेठचा वकील? लई बोलला. म्हणाला, ही केस लढवत बसलं तर दहा वर्षं जातील, त्यापेक्षा पदरात पडतंय ते बरं. … नाय गं, तेबी अगदीच खोटं नव्हतं. पण बाई म्हणाल्या, हेच खालच्या निकालात लिहिलेलं दाखवा. … कुठलं दाखवतो! पानं चाळत राहिला."

एसटी निघून गेली आणि गल्ली एकदम शांत झाली. हिराला आपलाच आवाज मोठा वाटला. तिनं तो खाली आणला.

"मग काय, तडजोडीची मंजुरी रद्द. आणि केस परत मुंबईला. … हो, परत! पण कशाला परत, ते ऐक ना. … नव्यानं ऐकायला. आपलं म्हणणं ऐकायचं, कुणाकडं पुरावा असंल तर बघायचा आणि मग काय ठरवायचं ते कारणं देऊन ठरवायचं. … हौशीरामनं तुला अर्धंच सांगितलं. … नाय, मुद्दाम नसंल. त्यालाबी कुणी तेवढंच सांगितलं असंल. …

"अजून पटत नाय? … मावशी, तू बेल्टच्या टोकाला उभी राहायचीस का नाय? … आमी निवडलेलं कॅरेट तुझ्यापुढं यायचं. … तू काय परत एकेक टोमॅटो निवडत बसायचीस का? … नाय ना. वरवर बघायचीस. पण वरच डागी दिसला, की काय करायचीस? … हां! परत पाठवायचीस. … मग ते कॅरेट उकिरड्यावर जायचं का? … आमालाच परत निवडायला लागायचं. … हो, शिव्या देऊन निवडायचो तुला, आता सांगते! … तसंच झालंय हे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला तसं हिराला बरं वाटलं. धोंडाबाई हसली की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा, ते बेल्टच्या खडखडाटातही ऐकू यायचं. पण हसू लगेच थांबलं आणि पुढचा प्रश्न आला. तो हिराला अपेक्षितच होता. वर ऑफिसात तिनंही वकिलांना तोच विचारला होता.

"हं. … हां, तसं होऊ शकतं. … तुला खोटं कशाला सांगू? मुंबईनं परत तेच मंजूर केलं, ह्या खेपेला सगळं ऐकून, नीट कारणं लिहून, तर मग दिल्लीबी काय करणार नाय. वकीलच म्हणाले. … म्हणून मी तुला सही कर म्हणत नाय आणि नको करू बी म्हणत नाय. तुझं तू ठरव. फक्त हरलो म्हणून करू नको. … कशाला पायजेत? … पडवीला पत्रं? … समृद्धीला सांगितलंस? … नाय? का? …"

समृद्धी म्हणजे धोंडाबाईची लेक, घाटघरच्या शाळेवर शिक्षिका. आता ती शाळेतच असणार, म्हणून तर धोंडाबाई एकटी त्या कागदापुढं बसली होती. लेकीच्या घरी दोन वेळचं जेवण होतं, मान होता, सगळं होतं. पण एकोणीस वर्षं स्वतःच्या पगाराचं पाकीट कनवटीला लावलेली बाई. त्या घरात आपल्या हातचं काहीतरी असावं, निदान पडवीवरचे पत्रे तरी, असं तिला वाटत होतं. ती ते आडून आडून सांगत होती आणि हिराला सरळ कळत होतं.

हिराला वाटलं, आपल्या घरी मेंढरं आहेत, दत्ता आहे. आपल्याला थांबायला काय जातंय? साठी उलटलेल्या बाईला 'थांब' म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

"नाय, हाय मी. ऐकतेय. … मावशी, तुला घ्यायचे असतील तर घे. मी रागवायची नाय. खरंच सांगते. … हॅलो? … मावशी? … हॅलो? …"

फोन तुटला होता. घाटघरला रेंज म्हणजे वाऱ्याची झुळूक, आली तर आली. हिरानं परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. तेच. ती उठून उभी राहिली, दुकानदारानं काही हवंय का विचारलं तर मानेनंच नाही म्हणाली. डोळ्यांपुढं तिला नुसतं ते सुपातलं पेन दिसत होतं. सहा-सात मिनिटं अशीच गेली. मग हातातच फोन थरथरला.

"हॅलो! … मावशी? केलीस? … सही गं, सही! … नाय? … मग एवढा वेळ व्हतीस कुठं? … चहा ठेवायला! … अगं माझा हितं जीव वरखाली व्हतोय आणि तू त्याला चहा पाजतीस? … बरं, बरं. दारात आलेला माणूस, चहा तर द्यायलाच पायजे. … दमला असंल की. मोटरसायकलवर आला? … पिंपरी पेंढारहून? … मग दोन तास तर गेलेच. …"

बोलता बोलता हिरा थांबली.

"मावशी, एक विचार त्याला. येताना वाटेत कुणाकडं थांबला व्हता का? … विचार ना. … कुणाकडंच नाय? … आणि आता तिथनं पुढं कुणाकडं? … कुणाकडंच नाय. … म्हणजे तुझ्या एकटीच्या सहीसाठी आलाय."

बेल्टवरच्या साळुबाईनंही सही केली नव्हती. तिचं घर हौशीरामच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिच्याकडं हौशीराम आजवर फिरकला नव्हता. आणि निकाल लागून तास होत नाही तोच तो इतक्या लांब घाटघरला पोचलेला. म्हणजे निकाल कळायच्या आधीच, सकाळीच, त्याला निघायला सांगितलं होतं; निकाल मागून फोनवर कळवला असणार.

"मावशी, फोन स्पीकरवर टाक. … मधलं बटण दाब. … नाय, ते टॉर्चचं. … त्याच्या वरचं. … त्यालाच दे, तो टाकंल. … हां. हौशीभाऊ, राम राम. … हो, मी हिरा. … नाय राव, राग कशाचा? पोटासाठी करतोय जो तो. … एवढंच करा, तो कागद वाचून दाखवा. … सगळा. पहिल्या ओळीपासनं. मावशीला वाचता येत नाय, तुमाला ठाऊक हाय. पगाराच्या वहीवर अंगठ्याजागी 'धो' काढायची ती, तुमीच शिकवलं व्हतं. … वाचा."

हौशीराम वाचायला लागला. गेटवर नावं पुकारायचा त्याच सुरात, न थांबता. हिरा डोळे मिटून ऐकत होती.

"'रक्कम मिळाली'… हं. … 'माझी काही तक्रार नाही'… बरं, हे सगळ्यांच्याच कागदात व्हतं. … पुढं. … थांबा. थांबा, भाऊ. ती ओळ परत वाचा. … हळू. … 'कारखान्याच्या मागील शेडमध्ये कोणतेही यंत्र अथवा खोके असल्याचे, किंवा तेथून हलवल्याचे, मी पाहिलेले नाही.' … असं लिहिलंय?"

सही केलेल्यांपैकी ठमाबाईच्या कागदाची झेरॉक्स हिराकडं होती. आणखी चारपाच जणींचे कागद तिनं वकिलांच्या टेबलावर पसरून वाचलेले. ही ओळ कुणाच्याच कागदात नव्हती.

"हौशीभाऊ, ही ओळ तुमी आधी वाचली व्हती? … नाय? … बंद पाकिटात दिलेलं. … बरं. तुमी खरं बोलताय असंच मी समजते. … मावशी? … मावशी, ऐकतीस ना? … तू काय पाहिलंस?"

पलीकडं कोंबडी कुठंतरी ओरडली. एक कप खाली ठेवल्याचा आवाज आला. रेंज परत गेली की काय म्हणून हिरानं फोन बघितला; सेकंद पुढं सरकत होते. तिनं घाई केली नाही. दत्ताकडून ती एक गोष्ट शिकली होती. बुजलेल्या मेंढीला हाका मारायच्या नसतात, आपण नुसतं उभं राहायचं.

"हं. … कधी म्हणालीस? … श्रावणातला सोमवार. … कारखाना बंद पडला त्याच वर्षीचा? … हां, ओतूरच्या जत्रेची सुट्टी, आठवतंय. आमी सगळ्या जत्रेला गेलो, तू आली नव्हतीस. … चष्मा? … टेबलावर विसरला व्हता. म्हणून आणायला गेलीस. … मग? … क्रेन? मोठी? … मागची शेड उघडी? अगं, तिला तर कायम कुलूप असायचं! … लाकडाची खोकी. … किती? … दोन. … केवढी? … अर्ध्या एसटीएवढी! … त्याच्यावर काय लिहिलं व्हतं? … हो गं, तुला वाचता येत नाय, चुकलं माझं. … चित्रं? … छत्रीचं? … आणि पेल्याचं. … छत्री आणि पेला. म्हणजे भिजवू नका, आपटू नका. बाहेरदेशी मशीनांच्या खोक्यावर असतंय तसं! …"

हिरानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"कोण कोण व्हतं? … शेठ स्वतः? … तुला बघितलं त्यानं? … काय म्हणाला? … 'चष्मा घ्या आणि घरी जा, बाई.' … बस, एवढंच? … मग तू कुणाला बोलली का नाय कधी? … हं. … दुसऱ्या दिवशी? … साडी पाठवली. …"

धोंडाबाई रडत होती. मोठ्यानं नाही, मधेमधे शब्द गिळत. साडीचं तिनं लेकीलाही सांगितलं नव्हतं. आपण काहीतरी विकलं आणि त्याचे हे पैसे आले, असं तिला तेव्हापासून वाटत होतं. काय विकलं ते मात्र कळत नव्हतं.

"नेसलीस? … घडीसुद्धा मोडली नाय? … मावशी, अगं तू काय साडीचं घेऊन बसलीस! साडी घेतली म्हणजे डोळं इकलं नाय कुणी. … तुला काय ठाऊक व्हतं, त्या खोक्यात काय हाय? शेठचा माल, शेठ नेतोय, असंच वाटणार. मी असते तर मलाबी तसंच वाटलं असतं. … नाय, तुला कोण काय करणार नाय. तू काय चोरलंस? … ऐक. ऐक ना. रडू नको. … मशीनं आलीच न्हाईत म्हणून तर तडजोड झाली, मावशी! कुणीच बघितली नव्हती. कुठं पुरावाच नव्हता. आणि आपला पुरावा घाटघरला चहा करत बसलाय!"

आता हिराच हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. भांडीवाल्यानं न बोलता पाण्याचा तांब्या तिच्याजवळ आणून ठेवला. तिनं दोन घोट घेतले.

"मुंबईला यावं लागंल का? … लागलं तर जाऊ दोघी. पण आधी लिहून द्यायचं. प्रतिज्ञापत्र म्हणतात. … नाय गं, इंग्रजी कशाला? तू बोलायचं, जसं मला सांगितलंस तसंच. वकील लिहितात, लिहिलेलं तुला वाचून दाखवतात. चुकलं असंल तिथं तू थांबवायचं. मग सही. … हो, सही तिथंबी हाय. पण ती तुझ्या सांगण्याखाली. … भ्या वाटतं? … मलाबी वाटलं व्हतं. पहिल्यांदा वकिलाकडं आले तेव्हा ह्याच जिन्यावरनं दोनदा परत गेले मी. तिसऱ्या खेपेला चढले. … पैशाचं? … पैशाचं आज काय सांगता येत नाय, मावशी. कमी मिळतील, जास्त मिळतील, उशिरा मिळतील. ती मशीनं सापडली तर मात्र सगळ्यांचंच गणित बदलंल, ज्यांनी सह्या केल्या त्यांचंबी काहीतरी बघता येईल, असं मला वाटतं. वकिलांना विचारते. … काय म्हणताय? … नाय, मावशी, तुला नाय. हौशीभाऊ मधी काय बोलले? … दे त्यांना."

हौशीरामचा आवाज आता गेटवरचा नव्हता. तो काय विचारतोय ते कळायला हिराला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं.

"हाय. … हो, तुमचं नाव कामगारांच्या यादीत हाय. … कुणी नाय काढलं. … तुमी शेठकडं परत लागलात म्हणून नाव काढणारे आमी कोण? चौदा वर्षं तुमी कुणाचा खाडा मांडला नाय फुकट. … त्या सोमवारी गेटवर तुमी नव्हता, ठाऊक हाय, तुमी जत्रेत पाळण्यापाशी भेटला व्हता आमाला. … मी तुमाला काय सांगत नाय, भाऊ. घरात खाणारी तोंडं हायत तुमच्या. … शेठला काय सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा. … बरं. द्या मावशीला."

"मावशी, आता खाली यायला गाडी कधी हाय? … गेली? … मग पुढची? … ती तर दिवस मावळताना. वकील पाचला पुण्याला निघतात. … उद्या ये मग. उद्याबी चालंल…"

तोंडानं ती उद्या चालेल म्हणाली खरी, पण मनात धाकधूक होती. संध्याकाळी शेठला कळणार, की सही झाली नाही. उद्या सकाळी घाटघरला कोण उभं राहील, काही सांगता येत नव्हतं.

"काय? … आत्ता? … कशी येणार आत्ता? … कुणाच्या गाडीवर? … हौशीरामच्या! … तो हो म्हणाला? … अगं विचारलंस तरी का त्याला? … मग आधी विचार ना! …"

पलीकडं बराच वेळ दोन आवाज एकमेकांत मिसळत राहिले. धोंडाबाईचा वर, हौशीरामचा खाली.

"काय म्हणतोय? … 'शेठनं विचारलं तर काय सांगू?' … बरोबर हाय त्याचंबी. … सांग म्हणावं, मावशी घरी भेटलीच नाय. … हां, तेबी खोटंच म्हणा. … मग तू काय सांगितलंस? … 'खरं तेच सांग. बाईनं कागद वाचून घेतला आणि नाय म्हणाली.' … वा, मावशी! … आणि तो? … उठला? … कुठं चाललाय? … गाडी वळवतोय!"

हिरानं वर खिडकीकडं बघून हाक मारली, "वकील सायेब! ओ वकील सायेब! कुठं जाऊ नका, साक्षीला बाई येतेय!" खिडकीत सुदर्शन वकिलांचं डोकं दिसलं. तिनं हातानंच बसा, थांबा, सगळं सांगते, अशी खूण केली आणि परत फोन कानाला लावला.

"हां, मावशी, बोल. … आधार कार्ड घे. … आणि चष्म्याची पेटी. … समृद्धीला सांगितल्याशिवाय निघू नको, शाळेवरनंच रस्ता हाय, थांबा तिथं दोन मिनटं. सगळं सांग तिला. … साडीचंबी. … काय नाय म्हणत ती, तुझीच लेक हाय. … ते सुपात ठेवलेलं पेन? त्याचं त्याला देऊन टाक. … आणि कागद? … तो मात्र घेऊन ये! ती ओळ वकिलांना दाखवायचीय. … हौशीभाऊ देतोय? … दिला? … बरं. … पदर खोच नीट, चाकात जाईल. … बसलीस? … फोन ठेव आता. … ठेव म्हणते ना. … लाल बटण, मावशी. लाल!"

पण धोंडाबाईनं लाल बटण दाबलंच नाही. फोन तसाच चालू तिनं कुठंतरी कमरेला खोचला असणार. हिराला किक मारल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाडी धडधडली. मग वारा, मग खडी, मग धोंडाबाई हौशीरामला काहीतरी दरडावून सांगतेय, बहुतेक हळू चालव म्हणून. शाळा जवळ आली असावी. पोरांचा पाढ्यांचा गलका मोठा झाला, गाडी थांबली आणि "समृद्धीऽऽ" अशी हाक ऐकू आली. खणखणीत हाक, सबंध बेल्टवर ऐकू जायची तशी.

हिरा पायरीवर तशीच बसून राहिली, फोन कानाला धरून.

"हॅलो? … मावशी? … हॅलो?"

रेंज गेली होती. तिनं फोन खाली घेतला, मनगटानं डोळे पुसले आणि दत्ताचा नंबर लावला.